चहाच्या रंगाचा पट्टा

पांढरं… इतकं पांढरं, की कुपीच्या काचेला आतून चुना लावलाय की काय असं वाटावं. पायलनं ती चिमुकली कुपी दोन बोटांत धरून उजेडापुढे तिरकी केली, पूड एका अंगाला सरकली. सरळ केली, पूड मुकाट जागेवर आली — कोरडी, सुटी, वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी शहाणी — आणि याच शहाणीनं काल तिला साफ तोंडघशी पाडलं होतं. काल संध्याकाळी प्लेटच्या एकाही खळग्यात जीव उरला नव्हता. सगळीकडे नुसता पिवळा रंग, आणि या खोलीत पिवळा हा मरणाचा रंग आहे.

खोलीबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगायची पायलला आता सवय झाली होती, कारण गेला महिनाभर तिच्या घराभोवतालचं निम्मं शहाड तिला तेच विचारत होतं. काळपुळीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा, जंतू औषधानं मरतो. पण मरण्याआधी त्यानं अंगात ओतलेलं विष मागे राहतं आणि आपलं काम करतच राहतं. पाहुणा निघून गेला तरी त्यानं लावलेली भांडणं घरात राहावीत, तसं. त्या विषाला अडवणारं रसायन शोधायचं. खुद्द जंतू इथे नाही, बाळकुमच्या या इमारतीत त्याला कुणी जिना चढू देणार नाही. आहेत ती फक्त त्याच्या विषातली प्रथिनं, बर्फात गुंडाळून आलेली. अंगात पहारा देणाऱ्या जातीच्या पेशी प्लेटच्या बारक्या खळग्यांत वाढवायच्या, त्यांना आधी रसायन द्यायचं, मग विष, आणि काही तासांनी वरून एक पिवळा रंग घालायचा. जिवंत पेशी तो पिवळा पिते आणि जांभळा करून ठेवते. मेलेली काहीच करत नाही. जांभळं दिसलं की दिवस चांगला गेला म्हणायचं.

आणि महिन्यापूर्वी जांभळं दिसलं होतं. लखलखीत नव्हे, पण जांभळंच… जांभूळ खाल्लेल्या जिभेचं असतं तसलं. त्या संध्याकाळी स्कूटर काढून ती मेट्रोच्या खांबांखालून, कशेळीच्या पुलावरून, भिवंडीच्या ट्रकांमधून शहाडला पोचली कधी ते तिलाच कळलं नाही, आणि चपला काढता काढता ती म्हणाली, "पप्पा, एक रसायन बरं दिसतंय." 'बरं दिसतंय' एवढंच. प्रयोगशाळेतल्या भाषेत त्याचा अर्थ 'अजून काहीच नाही' असा होतो. पण भगवानरावांनी, तीस-पस्तीस वर्षं कंपनीत फिटर राहिलेल्या आणि कुठलाही नट आवळल्याशिवाय सोडू न शकणाऱ्या माणसानं, ते वाक्य असं काही आवळलं की दुसऱ्या दिवशी बुद्धविहारात त्याचं 'माझ्या पोरीनं काळपुळीवर औषध काढलं' झालं होतं. आणि आता परवा, रविवारी संध्याकाळी, विहारात सत्कार. शाल, पुष्पगुच्छ, दोन शब्द. पांढऱ्या कोटातल्या तिच्या फोटोचा बॅनरसुद्धा छापायला गेला होता. आईनं, म्हणजे मंजुळाबाईंनी, कुठली साडी नेसायची ते ठरवून तिला इस्त्री करून आणली होती.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, इथे बैठक. रसायन पुन्हा चाललं नाही तर काम बंद, पुढचं रसायन घ्या. हे बरोबरच आहे, असंच असायला हवं, पायल स्वतः प्रमुख असती तर तिनंही असंच केलं असतं. पण रविवार? रविवारी त्या खुर्चीत शाल पांघरून बसायचं आणि मनात म्हणायचं, की काल-परवाच सगळ्या पेशी मेल्या… आणि समोर पहिल्या रांगेत पप्पा. नाही. हे पप्पांना सांगायला हवं, आज, आत्ता. काल रात्री जेवताना सांगणार होते मी. पण त्यांनी विचारलं, माइक कुठला सांगू, हातातला की स्टँडचा? आणि मी म्हटलं, स्टँडचा.

दुसऱ्या कुणाचं असतं तर एवढं काही नव्हतं. वडलांना मुलीचं कौतुक असतं, ते चार लोकांत मिरवतात, तोंडावर पडतात, हसतात आणि विसरतात. पण काळपुळी हा पप्पांच्या घरातला शब्द होता. त्यांची मोठी बहीण तुळसा, त्यांना कडेवर घेऊन हिंडणारी, ती या रोगानं गेली होती. पायलला ही नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी ते एकदाच सांगितलं होतं, पेढ्याचा बॉक्स मांडीवर ठेवून, काही लपवायचं नाही आणि रडायचंही नाही अशा आवाजात. मेलेली ढोरं ओढायचं काम गावातल्या आपल्या लोकांनी केव्हाच टाकून दिलं होतं. टाकून दिलं ते दिलं, उपाशी राहिले पण परत हात लावला नाही. मग दुष्काळ आला. पाटलाची गाय मेली, आणि त्या एका दिवशी घरातल्या कुणीतरी अंधारात जाऊन… कापायला तुळसा होती. मग मानेवर पुळी आली, मध्ये काळी, न दुखणारी. न दुखणारी म्हणून कुणी लक्षही दिलं नाही. 'आम्ही खाल्लं आणि जगलो,' पप्पा म्हणाले होते, 'तिनं कापलं, ती गेली.' आणि पेढा उचलून पायलच्या तोंडात घातला होता. तेव्हापासून तिच्या डोळ्यांपुढे येई ती एक चटई, चटईवरची एक मुलगी, आणि मानेवरचा तो काळा डाग. चेहरा कधी आलाच नाही.

कुपी अजून बोटांतच होती. ठेव ना आता खाली, तिनं स्वतःला म्हटलं. ठेवली नाही. काहीतरी खुपत होतं. दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं, जिभेला लागतं पण निघत नाही असं काहीतरी. पांढरं… ज्या दिवशी जांभळं आलं त्या दिवशी मी हातात धरलेली कुपी… त्या दिवशी मला पीठ आठवलं होतं. आणि मैदा नाही आठवला. आई परातीत ज्वारीचं पीठ काढते ते, किंचित मळकट, जरा सायीकडे झुकणारं. तेव्हा मला वाटलं होतं, अरे, हे जरा घाणच आहे, साकेतला सांगितलं पाहिजे. आणि मी सांगितलंही. 'बैठकीत दाखवायचंय, एकदम पांढरं कर,' असं मीच सांगितलं होतं.

साकेत शेजारच्या खोलीत असे. रसायनं तो बनवी, कॉलममधून, म्हणजे काचेच्या उभ्या नळीतून, गाळून शुद्ध करी, आणि पायल ती पेशींवर तपासे. अशी वाटणी होती आणि दोघांचं जमे. डोंबिवलीचा मुलगा, हुशार, आणि स्वच्छतेच्या बाबतीत घरचं वळण असं, की नळाला पाणी दोन बादल्या आलं तरी ओटा तीनदा पुसायचा. पायल दारात उभी राहिली तेव्हा तो कोरड्या बेसिनकडे बघत कपाळाला हात लावून बसला होता.

"बघ ना, आज पण पाणी नाही. काल रात्रीपासून बंद आहे, म्हणे लाइनचं काम. भांडी तशीच पडलीयत सगळी. मी आता काय, जिभेनं चाटू?"

"साकेत, तू मला पहिल्यांदा दिलेलंस ते असंच होतं? एवढं पांढरं?"

"छे! ते घाण होतं गं. कॉलममधून खाली येताना पाठोपाठ एक चहाच्या रंगाचा पट्टा यायचा, तो थोडा मिसळायचाच त्याच्यात. या वेळी मी तीनदा कॉलम मारला यार. पट्टा पूर्ण वेगळा काढला. आता बघ, दूध!" आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याचा आवाज खाली आला. "का? काय झालं?"

"तो पट्टा कुठाय?"

मग त्याची नजर हळूहळू, चोरी पकडली गेलेल्या माणसाची सरकावी तशी, वाफा ओढून घेणाऱ्या हूडखालच्या स्टँडकडे सरकली. तिथे काचेच्या नळ्यांची एक रांग उभी होती, प्रत्येकीत बोटभर, दुसऱ्यांदा उकळलेल्या चहासारखं काहीतरी.

"फेकणारच होतो. काल धुवायला घेतलेल्या नळ्या… पाणीच गेलं ना. नाहीतर गेलं असतं बेसिनमध्ये." मग तो खुदकन हसला, पण हसू पुरतं आलं नाही. "पायल, म्हणजे तुला म्हणायचंय, माझ्या घाणीत औषध आहे?"

"मला काही म्हणायचं नाही. मला ते सुकवून दे."

ती आपल्या जागेवर परतली ती जवळजवळ धावतच, आणि याच गोष्टीची तिला धास्ती वाटली. आशा ही चीज तिला ठाऊक होती. आशा लागली की माणसाला हवं तेच दिसायला लागतं. नवस बोललेल्या माणसाला जशी प्रत्येक गोष्ट खूणच वाटते. महिन्यापूर्वी हेच झालं नव्हतं का? कदाचित तेव्हा जांभळं दिसलं तेच मुळात खोटं असेल, आणि काल दिसलेलं पिवळं तेवढं खरं. तरी हात चालतच होते. पेशी मोजून टाकायच्या, पिपेटच्या टोकावरचा थेंब खळग्याच्या कडेला टेकवायचा, घाई नाही, बुडबुडा नाही. हातांना आशा-निराशेशी देणंघेणं नसतं, ते बरं आहे.

प्रमोदिनी मॅडमना सांगणं भाग होतं. या सगळ्या कामाच्या त्या प्रमुख. निवृत्तीला आलेल्या, बारीक किनारीची सुती साडी, चष्मा साखळीला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग नळ्यांकडे न बघता पायलकडेच बघत म्हणाल्या, "रंगीत वस्तूंवर फार विश्वास टाकू नये. काही काही रसायनं आपल्या त्या पिवळ्याचं स्वतःच जांभळं करून टाकतात, पेशी लागतच नाहीत. आपण इकडे टाळ्या पिटतो आणि आत कुणी जिवंतच नसतं. हे तुझ्या लक्षात आलंय ना?"

"हो मॅडम. पेशी नसलेले खळगे पण ठेवतेय. त्यात नुसतं तेच आणि रंग. तिथे जांभळं आलं तर समजायचं, फसवणूक आहे."

"आणि रंग घालण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली बघ. डोळ्यांनी. आधी तू बघ, मग मी बघेन." त्यांनी चष्मा खाली सोडला. "सोमवारची मी काळजी करत नाही. तूही करू नकोस."

सोमवारची नाही मॅडम, मी रविवारची करतेय, पायल मनात म्हणाली, पण तोंडानं 'बरं' म्हणाली.

साकेतनं सुकवून दिलेला पट्टा घातला, मग विष, आणि प्लेट इनक्युबेटरमध्ये गेली. दार बंद झालं. आता काही तास करण्यासारखं काही नाही, आणि नेमकं तेव्हाच काय काय करावंसं वाटतं. डबा उघडला, भाजीचा वास आला, झाकला. गॅलरीत जाऊन उभी राहिली. समोर जिथे तिच्या लहानपणी, कुणाच्या तरी लग्नाला आले होते मी इथे, भाताची खाचरं होती, तिथे आता मजल्यांवर मजले, आणि एका गच्चीवरच्या टाकीत टँकरचं पाणी चढत नाही म्हणून खाली ओरडाओरडा चाललेला. जर आज जांभळं आलं, तर पप्पांना सांगायची गरजच नाही. कालचं मधलं अपयश गिळून टाकायचं. सत्कार होऊ द्यायचा. आणि नाही आलं, तर मग सांगायचं. थांबूया. संध्याकाळपर्यंत थांबायला काय हरकत आहे?

हरकत आहे, ते तिला त्याच क्षणी कळलं. लख्ख कळलं. म्हणजे पप्पांना खरं सांगायचं की नाही ते या पेशींनी ठरवायचं? असं असेल तर मी सूक्ष्मदर्शकात बघेन तेव्हा पेशी बघणार नाही, रविवार बघेन. चार जिवंत असतील तर मला चाळीस दिसतील. तिनं फोन काढला. फोन उचलला जाईपर्यंत एकदा तिला वाटलं, ठेवून द्यावा.

"हां पायल. जेवलीस?" पाठीमागे कुकरची शिट्टी, आणि टीव्ही.

"पप्पा, ते रविवारचं… जरा थांबवा."

"का गं? बरं नाही वाटत?"

"मी बरी आहे. ते औषध बरं नाही." हसायला गेली, जमलं नाही. "परत केलं तर चाललंच नाही, पप्पा. सगळ्या मेल्या. पहिल्यांदा दिसलेलं खरं होतं का, तेच आता माहीत नाही. मी तुम्हाला तेव्हाच सांगायला नको होतं."

टीव्हीचा आवाज बंद झाला. पप्पांनी बंद केला असणार.

"नापास झालं म्हणायचं."

"आत्तापर्यंत तरी."

"मग तू काय करतेयस आता?"

"परत लावलंय. दुसऱ्या पद्धतीनं. संध्याकाळी कळेल थोडंफार. नाही पण कळणार."

"मग थांबवायचं कशाला?" पप्पा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात नवल होतं, अगदी निखळ नवल. "खुर्च्या सांगून झाल्यात. तुला वाटलं काय मी लोकांना, औषध झालं म्हणून बोलावलंय?"

"तुम्हीच सांगत होतात सगळ्यांना. औषध काढलं म्हणून."

"ते बोलतो गं मी, तोंड आहे, निसटतं. चुकलं माझं. माइकवर खरं तेच सांगीन." खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला. "आमच्या तुळसाच्या वेळेला ना, वैद्य घरापर्यंत आलाच नव्हता. वेशीवरनंच म्हणाला, फाशी आहे, काळपुळी, ढोरांचा रोग, मी काय बघू? तिला कुणी बघितलंच नाही, पायल. औषध नव्हतं ते नव्हतं. पण जवळ येऊन, वाकून, नीट बघायला काय पैसे पडत होते? आता आपल्या घरातलं कुणीतरी रोज सकाळी उठून त्याच रोगाकडं जवळून बघायला जातं. एवढंच सांगायला बोलावलंय मी लोकांना. पास-नापास तुमचं तुम्ही बघा."

खाली टँकरवाल्याचा हॉर्न वाजत राहिला. हे पप्पांच्या मनात होतं, सगळा महिनाभर हे होतं, आणि मी आपली त्यांच्या अभिमानाचं ओझं उरावर घेऊन हिंडत होते… कोणता अभिमान? मला वाटला तो नव्हताच तो.

"काय गं? आहेस ना?"

"आहे. पप्पा, मी दोन शब्द बोलेन रविवारी. पण बॅनरवर 'औषध शोधणाऱ्या' असं आहे, वाचणाऱ्याला वाटेल, सापडलं."

"मग त्याच्या आधी 'अजून' घालून घेऊ," पप्पा म्हणाले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "अगं मंजुळा, बॅनरवाल्याला फोन लाव!"

ऊन उतरायला लागलं तेव्हा तिनं प्लेट बाहेर काढली. आधी तो कोपरा, जिथे नुसतं विष दिलं होतं, रसायन नव्हतं. भिंगाखाली फुगून फुटलेल्या पेशी, नुसत्या सावल्या, कुणीतरी उठून गेलेल्या अंथरुणांसारख्या. मग पांढऱ्या पुडीची ओळ… तशीच. अपेक्षा तीच होती, आणि काळजात काही हललं नाही, याचं तिला नवल वाटलं. मग तिनं प्लेट सरकवली. चहाच्या रंगाच्या पट्ट्याची ओळ. भिंग फिरवलं. धूसर… अजून थोडं… आणि मग त्या दिसल्या. सगळ्या नव्हेत. बऱ्याच गेलेल्या होत्या. पण मधून मधून, एकेकट्या, कुठे तीन-चार एकमेकींना धरून, तळाला घट्ट चिकटलेल्या, कडा लखलखीत, जिवंत. ती मोजायला गेली नाही. नुसती बघत राहिली. आपण वाकलोय, अगदी जवळ वाकलोय, एवढंच तिला जाणवत होतं.

प्रमोदिनी मॅडम आल्या, चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं. "पुष्कळ मेल्यात."

"हो."

"सगळ्या नाहीत मात्र." आणि थोड्या वेळानं, अजून डोळा भिंगालाच लावून, "घाल रंग."

साकेत एव्हाना दाराशी येऊन उभा होता, हातात रिकामी पाण्याची बाटली. "म्हणजे आता ती घाण शुद्ध करायची?" त्यानं विचारलं.

"त्यात नक्की काय आहे ते आधी शोधायचं," मॅडम म्हणाल्या. "दहा वस्तू असतील. नऊ निरुपयोगी असतील. कदाचित दहाही." आणि कधी नव्हे ते त्याच्या पाठीवर थाप मारून गेल्या.

रंग घातला. पिवळा, सगळीकडे एकसारखा पिवळा. पेशी नसलेले ते खळगे तिनं मुद्दाम आपल्या बाजूला वळवून ठेवले, फसवणूक असेल तर पहिल्यांदा मलाच दिसू दे. ते पिवळेच राहिले. चहाच्या पट्ट्याच्या ओळीत मात्र, बराच वेळ काही नाही, आणि मग तळाशी, भास म्हणावा इतकं पुसट जांभळं… ते पुरेसं नाही, तिला ठाऊक होतं. उद्या परत, परवा परत, आणि तेरवा कदाचित हेही विरून जाईल. घरी फोन करून हे सांगावं असं तिला वाटलं नाही. दडवायचं म्हणून नव्हे. सांगायचं ते सांगून झालं होतं, म्हणून.

आणि तिथेच, स्टुलावर, हातमोजे काढता काढता, तिला ती चटई आठवली, नेहमीसारखी. पण या वेळी चटईवर कुणी नव्हतं. मुलगी उठली होती. ती आज असती तर सत्तरीची असती, पायलच्या मनात आलं, आणि पाठोपाठ तिला ती दिसलीच — पिकलेले केस, गुडघ्यांची तक्रार, पप्पांना अजूनही 'भग्या' म्हणून हाक मारणारी, माझं लग्न का होत नाही यावर आईशी वाद घालणारी, शहाडच्या आमच्या घरात चहात साखर कमी पडली म्हणून कप परत पाठवणारी एक खाष्ट म्हातारी. इतकी वर्षं मी तिला पप्पांची बहीण म्हणत आले. ती माझी आत्या होती.